उफ्दाचं बारसं

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटरचं नाव हार्लन सुंडक्विस्टने ठेवलं, असं मिनेसोटातल्या ट्वेटन गावात आजही सांगतात. हार्लन सुंडक्विस्ट म्हणजे मी, आणि हे साफ खोटं आहे. मी फक्त बटाट्याचं पोतं खाली ठेवलं होतं.

आता लोकांच्या खिशातला फोनसुद्धा इंटरनेटला जोडलेला असतो, त्यामुळे एका यंत्राच्या नावापायी महिनाभर जेवण गोड लागलं नाही असं म्हटलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. पण ते साल होतं १९८३. सगळ्या देशातली मिळून पाच-सहाशे यंत्रं त्या जाळ्यात होती, आणि सोयरिकीला चार घरं असावीत तशी ती एकमेकांना नावानिशी ओळखत. त्यात आमचं एक जाणार होतं. ट्वेटन कॉलेजच्या गृहविज्ञान इमारतीच्या तळघरात, जिथे पूर्वी मुलींना इस्त्री शिकवत, तिथे ते उभं होतं, दोन फ्रिज शेजारी शेजारी ठेवावेत एवढं. दारावर पाटी होती, ‘संचालक, कॉम्प्युटर केंद्र’. केंद्रात संचालक होता, म्हणजे मी, कॉम्प्युटर होता, आणि इस्त्रीची एक मोडकी फळी होती जिच्यावर मी डबा खात असे.

हे यंत्र ओप्सालबाईंनी दिलेलं. त्यांचे यजमान इंगब्रिग्ट ओप्साल यांनी चाळीस वर्षं टर्की कोंबड्या पाळल्या. त्या चाळीस वर्षांत ते जेवढं बोलले तेवढं आमचे डीनसाहेब न्याहारीच्या आधी बोलतात. मूलबाळ नाही. चर्चमधल्या रंगीत काचांखाली देणगीदारांची नावं आहेत, त्यात यांचं नाही, कारण त्या वेळी ते म्हणाले होते, “दुसऱ्या कोणाचं तरी घाला.” ते गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं की त्यांचं नाव या जगात दोनच ठिकाणी आहे, थडग्यावर आणि ट्रकच्या दारावर. आणि ट्रक तर विकून झाला होता.

मी आभार मानायला म्हणून त्यांच्याकडे गेलो. केक खाता खाता, तोंडात घास असताना, मला औदार्याची उबळ आली.

“ओप्सालबाई,” मी म्हणालो, “या जाळ्यात प्रत्येक यंत्राला नाव असतं. सगळ्या नावांची एकच यादी असते, ती कॅलिफोर्नियातल्या एका ऑफिसात ठेवतात. आणि देशातलं प्रत्येक यंत्र ती यादी उतरवून घेतं. त्या यादीत आपण इंगब्रिग्टचं नाव घालू.”

बाईंनी कप खाली ठेवला. “प्रत्येक यंत्रात जाईल?”

“प्रत्येक.”

“हवाईतसुद्धा?”

“हवाईतसुद्धा. तिथे आहेत यंत्रं.”

“आम्हाला हवाईला जायचं होतं,” बाई म्हणाल्या. “टर्क्यांमुळे राहिलं.”

त्यांनी मला केकचा दुसरा तुकडा वाढला. त्या तुकड्याचं ओझं पुढचा महिनाभर माझ्या पोटात होतं. उद्घाटन ठरलं सतरा मेला. सतरा मे हा नॉर्वेचा सण, आणि आमचं गाव नखशिखांत नॉर्वेजियन. मी स्वीडिश, आणि नॉर्वे एके काळी स्वीडनच्या ताब्यात होतं. बावीस वर्षं मी या गावचा जावई आहे आणि दर सतरा मेला ही माणसं झेंडे घेऊन माझ्या दारावरून जातात, ते आपण कोणाच्या तावडीतून सुटलो हे मला दाखवायला.

यादीचा नियम साधा होता. नाव चोवीस अक्षरांच्या आत, मध्ये मोकळी जागा नाही, फार तर एखादी आडवी रेघ. ‘इंगब्रिग्ट-ओप्साल’ इंग्रजीत लिहिलं तर रेघेसकट सोळा अक्षरं. म्हणजे काम दोन मिनिटांचं होतं. कोणाही शहाण्या माणसाने ते दोन मिनिटांत केलं असतं.

पण मी त्या जाळ्याचं वाङ्मय वाचलेला माणूस. ज्यांनी हे जाळं विणलं त्यांची एक रीत होती. यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं असला जगडव्याळ निर्णय असला, तरी ते हुकूम काढत नसत. एक कागद काढत, आणि वर लिहीत, ‘अभिप्राय द्यावेत ही विनंती’. ते वाचून मला भरून यायचं. ही माणसं जन्माने कुठलीही असोत, मनाने मिनेसोटाचीच होती. आमच्याकडे घराला आग लागली तरी माणूस शेजाऱ्याला आधी विचारतो, “जेवण झालं का? घाईत तर नाही ना?” तेव्हा मीही जेवणघराच्या फळ्यावर एक कागद लावला. यंत्राचं प्रस्तावित नाव अमुक, अभिप्राय द्यावेत ही विनंती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्रेचाळीस अभिप्राय आले. नॉर्वेजियन शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी कळवलं की ज्या जाळ्यात नॉर्वेजियन लिपीची तीन अक्षरं चालत नाहीत त्या जाळ्यात जाण्यापेक्षा न गेलेलं बरं. इंगब्रिग्टच्या नावात त्यांपैकी एकही अक्षर नव्हतं, पण प्रश्न तत्त्वाचा होता. कोणी लिहिलं, नाव स्त्रीलिंगी हवं. कोणी लिहिलं, जेवणघरातलं सूप पातळ असतं. डीन क्वाले मला बोलावून म्हणाले, “कॉलेजचंही नाव त्यात यावं, असं नाही का वाटत तुम्हाला?” कॉलेजचं नाव घातल्यावर अक्षरं झाली चोवीसच्या वर. मग एक समिती नेमली गेली. समितीने दोन बैठका घेऊन, कॉफीचे तीन थर्मास रिकामे करून, जे मूळ नाव होतं तेच ठेवावं असं ठरवलं, आणि या कामगिरीबद्दल स्वतःचे आभार मानले.

माझा शेजारी ऑर्विल ट्रॉन्सन कुंपणावरून म्हणाला, “ए स्वीडन, एवढं लांब नाव कशाला? लोकांना ते बोटांनी मारायचं असतं ना? थोडक्यात काहीतरी ठेव.” ऑर्विल दाणागोट्याच्या गिरणीतून निवृत्त झालेला. तेव्हापासून त्याच्याकडे वेळ आणि सल्ले या दोन गोष्टींना तोटा नव्हता. मी त्याला म्हणालो, “ऑर्विल, ही तांत्रिक बाब आहे.” हे वाक्य त्याने नंतर मला बऱ्याच वेळा ऐकवलं.

आता अर्ज. नाव नोंदवायचा अर्ज त्या कॅलिफोर्नियाच्या ऑफिसला जाळ्यावरूनच पाठवायचा होता. आणि जाळ्यावरून काही पाठवायचं तर आधी नाव यादीत हवं. मांडवात शिरायला पत्रिका हवी, आणि पत्रिका मांडवात मिळणार. ज्यांना हे जमत नाही त्यांनी फोन करावा, अशी खाली बारीक टीप होती. कॉलेजातून बाहेरगावी फोन करायचा तर डीनसाहेबांची सही लागे, आणि सह्यांची बैठक होती तीन जूनला. म्हणून सोमवारी, नऊ मेला, मी दुपारी घरी जेवायला आलो आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून कॅलिफोर्निया लावलं.

मार्डेल, म्हणजे माझी बायको, ओट्याशी होती. ती म्हणाली, “हार्लन, एक कर. आधी नाव सांग, मग गप्पा मार.”

“मी काय गप्पा मारणार आहे?”

तिने पाठ फिरवली. तिची पाठसुद्धा बरंच बोलते.

पलीकडून एका बाईंचा आवाज आला. डेलूका त्यांचं आडनाव. “नाव?”

“नमस्कार,” मी म्हणालो. “मी मिनेसोटातल्या ट्वेटनहून बोलतोय. तुम्हाला त्रास तर देत नाही ना? नाही, कामात असाल तर मी मागाहून करतो. तिकडे हवा कशी आहे?”

“यंत्राचं नाव सांगा, साहेब.”

नमनाला घडाभर तेल गेलं खरं, पण शेवटी मी सांगितलं, “इंगब्रिग्ट-ओप्साल.”

“काय?”

“आय, एन, जी...”

“एम?”

“एन. नॉर्वेचा एन.”

“नॉर्वे हे नाव आहे का?”

“नाही, नॉर्वे फक्त एनसाठी.”

असं आम्ही तीनदा निघालो आणि तिन्ही वेळा नवव्या अक्षरापाशी गाडी घसरली. शेवटी बाई म्हणाल्या, “साहेब, माझ्याकडे चौदा फोन ताटकळलेत. याहून सोपं काही आहे का?”

नेमक्या त्याच क्षणी मागच्या दाराने ऑर्विल आत आला. त्याच्या कवेत पन्नास पौंडांचं बेण्याच्या बटाट्यांचं पोतं होतं. “धर रे,” तो म्हणाला, “कंबर गेली माझी,” आणि ते त्याने सरळ माझ्या हातात दिलं. फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला, वायर ताणलेली, अशा अवस्थेत मी दोन पावलं गेलो, पोतं फ्रिजपाशी टेकवलं, आणि म्हणालो, “उफ्दा.”

हा शब्द आमच्या गावच्या लोकांचे आजे-पणजे नॉर्वेहून येताना बोटीतून घेऊन आले. पोतं उचललं, उफ्दा. ठेवलं, उफ्दा. कॉफी सांडली, जावई स्वीडिश निघाला, शेजारी वारला, सगळ्याला तेवढाच. मी स्वीडिश असलो तरी तो मला लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर मिळाला. तोंडून बाहेर पडला तरी कोणाचं तिकडे लक्ष जात नाही.

“हे कसं लिहायचं?” डेलूकाबाईंनी विचारलं.

आता इथे मी माझी बाजू मांडतो. दुसरा कोणी असता तर त्याने विचारलं असतं, कशाबद्दल बोलताय तुम्ही? पण आमच्याकडे कोणी काही विचारलं की आधी उत्तर द्यायचं, शंका घरी जाऊन काढायची. शिवाय मला बरं वाटलं. कॅलिफोर्नियातली एवढी कामातली बाई, चौदा फोन ताटकळलेले असताना, आमच्या बोलीबद्दल चौकशी करते आहे.

“यू, दोनदा एफ, डी, ए,” मी म्हणालो.

“मध्ये रेघ?”

“काही लोक देतात. आम्ही देत नाही.”

“छान. झालं. गुरुवारच्या यादीत येईल.”

मी त्यांचे चार प्रकारे आभार मानले. त्यातल्या दुसऱ्या प्रकारालाच त्यांनी फोन ठेवला होता. मी ऑर्विलला म्हणालो, “बघ, शेवटी घेतलंच ना तिने नाव बरोबर.” मार्डेल झारा हातात धरून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं कौतुकाने बघते आहे.

गुरुवारी यादी आली. मी कागदावर छापून घेतली आणि ‘आय’पाशी शोधलं. इंगब्रिग्ट नाही. ‘ओ’पाशी शोधलं, कॉलेजच्या ‘टी’पाशी शोधलं. मग एक भयंकर शंका मनात आली आणि बोट हळूहळू खाली सरकत ‘यू’वर गेलं. तिथे विद्यापीठांच्या भारदस्त नावांच्या मांदियाळीत आमच्या यंत्राचा पत्ता होता, त्याचा आकडा होता, आणि नाव होतं उफ्दा. तोपर्यंत बॉस्टनपासून हवाईपर्यंत प्रत्येक यंत्राने ते उतरवून घेतलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे मी आजवर दुसऱ्यांना म्हणत आलो होतो.

मी खाली इस्त्रीच्या फळीवर बसलो. कोणाला सांगायचं याची यादी डोक्यात केली. त्यात पहिलं नाव ओप्सालबाईंचं होतं, म्हणून ती यादी मी सोडून दिली.

एक बरं होतं. नाव वाईट का असेना, आता यंत्र जाळ्यात होतं, म्हणजे पत्र पाठवता येत होतं. मी डेलूकाबाईंना लगेच लिहिलं. अर्ध्या तासात उत्तर आलं, ‘नाव आवडल्याचं वाचून आनंद झाला. आमच्याही ऑफिसात सगळ्यांना फार आवडलं.’

संध्याकाळी दोन्ही कागद मी मार्डेलपुढे ठेवले. तिने माझं पत्र दोनदा वाचलं.

“हार्लन, यात नाव बदला असं कुठे म्हटलंयस?”

“दुसऱ्या परिच्छेदात. ‘कधी सवड झाली तर’च्या पुढे.”

“तिथे तू पावसाबद्दल लिहिलंयस.”

“मग तिसऱ्या.”

“तिसऱ्यात तू म्हणतोस, आहे तेही तसं वाईट नाही, घाई मुळीच नाही, पण पुढेमागे वेगळा विचार करता आला तर बघावं. यावरून कोणाला काय कळणार? ताकाला जाऊन भांडं लपवतोस तू. आमचे आईवडील नॉर्वेजियन होते, पण तुझ्याइतके कधी नव्हते.”

बावीस वर्षांत माझ्यासारख्या स्वीडिश माणसाचा एवढा मोठा गौरव झाला नव्हता. मग तिने सांगितलं आणि मी लिहिलं. ‘नाव चुकलं आहे. बदलून इंगब्रिग्ट-ओप्साल करा. सुंडक्विस्ट.’ मला ते खंडणीच्या चिठ्ठीसारखं वाटलं, म्हणून खाली ‘क्षमस्व’ घातलं. तिने ते खोडायला लावलं. शुक्रवारी सकाळी पाठवलं. उत्तर आलं, ‘विनंती मिळाली. बदलाला वरून मंजुरी लागते. काही दिवस लागतील.’

माझ्याकडे दिवस होते चार.

तोवर अनोळखी माणसांची पत्रं यायला लागली. त्या जाळ्यात बहुतेक यंत्रांची नावं म्हणजे कसल्यातरी लांबलचक नावांची आद्याक्षरं असत. त्यामुळे मॅसॅच्युसेट्सच्या एका गृहस्थांनी अदबीने विचारलं की ‘उफ्दा’ हे कोणत्या प्रकल्पाचं संक्षिप्त रूप, आणि त्यावर काही लेखन उपलब्ध आहे का. मी कळवलं, लेखन अजून चालू आहे.

डीनसाहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी यादीतली ती ओळ बराच वेळ बघितली आणि म्हणाले, “हे जरा वेगळं आहे.” परक्याला यात काही वावगं वाटणार नाही. पण आमच्या भागात ‘जरा वेगळं आहे’ याच्यावर शिवी नाही.

ऑर्विल साक्षीदार होता, तेव्हा गावात वेगळी दवंडी पिटायची गरज नव्हती. शनिवारी मी कॅफेत शिरलो तर कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, “या, उफ्दा.” वाढणारणीने कॉफी ओतता ओतता विचारलं, “मध्ये रेघ देऊ का?” आणि प्रत्येकाकडे उपाय होता. यंत्रावर पितळी पाटी बसवा. यंत्रावर झेंडा टाका. उद्घाटनाच्या वेळी वीज घालवा. ऑर्विल म्हणाला, “बाईंचा चष्मा लपव. पण ती तांत्रिक बाब झाली, मला काय कळतं त्यातलं.” साऱ्या गावाला ठाऊक होतं, फक्त ओप्सालबाईंना नव्हतं, कारण त्यांच्यासमोर ते बोलायचा धीर एकालाही नव्हता.

“तू सांगायला हवंस,” मार्डेल रविवारी म्हणाली. “चार लोकांत कळण्याआधी. त्या म्हाताऱ्या बाईला तू शब्द दिलायस.”

तिने लिंबाच्या वड्यांचा डबा माझ्या हातात दिला. मी गाडीतून ओप्सालबाईंच्या घरावरून तीनदा गेलो. चौथ्या वेळी त्याच दारात येऊन उभ्या राहिल्या, म्हणून थांबावं लागलं. कॉफी हवी का, त्यांनी विचारलं. नको, मी म्हणालो. थोडी? नको, नको. अर्धा कप? बरं, केलेलीच असली तर. हे तीन नकार झाल्याशिवाय आमच्याकडे कॉफी घशाखाली उतरत नाही. मग पेरण्या झाल्या, पाऊस झाला, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दरवेळी मी श्वास घेई, आणि दरवेळी त्या वडी पुढे करत.

मग त्यांनी एक पत्र दाखवलं. ओरेगॉनला त्यांची बहीण असते, तिला लिहिलेलं. ‘मंगळवारपासून इंगब्रिग्टचं नाव तुझ्या ओरेगॉनमध्येही असेल. कुठे ते मला नीट कळलं नाही, पण सुंडक्विस्ट म्हणतो की आहे, आणि तो स्वीडिश असला तरी खोटं बोलत नाही.’

घरी आलो तेव्हा मार्डेल पायरीवर बसली होती. “सांगितलंस?”

“वेळच मिळाला नाही.”

“अडीच तास होतास तू तिथे.”

“त्यातला पाऊण तास दारात निरोप घेत होतो.”

मी कपडे न बदलता पलंगावर पडलो. खरं सांगतो, लाज वाटली. कॅफेतल्या थट्टेची नव्हे. एका माणसाने आयुष्यात काहीच मागितलं नाही, त्याच्यासाठी कोणीतरी एकच गोष्ट मागितली, आणि ती माझ्या जिभेमुळे राहिली.

सतरा मे उजाडला. मिरवणूक माझ्या दारावरून गेली, आणि या वर्षी त्यातली अर्धी माणसं माझ्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवत होती. बेचाळीस खुर्च्या तळघरात लावल्या होत्या. ओप्सालबाई पहिल्या रांगेत, नॉर्वेचा भरतकामाचा राष्ट्रीय पोशाख आणि चांदीच्या पिना घालून. यंत्रावर पितळी पाटी होती, ‘इंगब्रिग्ट ओप्साल यांच्या स्मरणार्थ’. माझा बेत असा होता. मी मिनिआपोलिसच्या विद्यापीठाला एक शुभेच्छा पाठवायची, तिकडून उत्तर येऊन कागदावर छापलं जायचं, आणि मी वरचा पाठवणाऱ्या-घेणाऱ्याच्या नावांचा भाग फाडून उरलेला तेवढा बाईंच्या हाती द्यायचा.

डीनसाहेब बोलायला उठले आणि बोलत राहिले. मग मी शुभेच्छा पाठवली. यंत्र खडखडलं, कागद वर आला. मी तो फाडायला हात घातला, पण बाई केव्हाच उठून माझ्याशेजारी येऊन उभ्या होत्या. “द्या इकडे,” त्या म्हणाल्या. “पहिल्या ओळीपासून वाचते. त्याचं नाव पहिल्या ओळीत असेल ना?”

पर्समधून चष्मा निघाला. ऑर्विलने माझ्याकडे बघितलं, तो लपवायचा राहिला होता.

बाईंनी पहिली ओळ वाचली. मग बोट ठेवून पुन्हा वाचली.

“सुंडक्विस्ट,” त्या हळूच म्हणाल्या, “तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही, ओप्सालबाई,” मी म्हणालो. मग मात्र बांध फुटला. “चूक झाली. माझीच. फोनवर होतो, ऑर्विलने पोतं हातात दिलं, मी ते खाली ठेवलं आणि तोंडून निघून गेलं. तिकडे वाटलं तेच नाव आहे. मी रविवारी सांगायला आलो होतो आणि वड्या खाऊन परत गेलो. मला क्षमा करा. बदलायला सांगितलंय.”

बाईंनी हातातला कागद खाली केला. “पोतं खाली ठेवलं तेव्हा?”

“हो.”

“तोही तसाच गेला,” त्या म्हणाल्या. “दाण्याचं पोतं आणलं, ओसरीवर ठेवलं, तेवढंच म्हणाला, आणि खाली बसला. मी कॉफी घेऊन बाहेर आले तोवर संपलं होतं.” चर्चचे पास्टर तिसऱ्या रांगेत होते. त्यांच्याकडे त्या वळल्याही नाहीत. “पास्टरनी विचारलं, शेवटचे शब्द काय होते. मी सांगितलं, बायबलातलं तेविसावं स्तोत्र. लाज वाटली मला. चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी काय, तर उफ्दा. कोणाला सांगणार?”

मागे कोणीतरी नाक ओढलं. तो ऑर्विल होता.

“पण मी तर चुकून म्हणालो,” मी पुन्हा म्हणालो. खरं ते सांगायला हवं होतं.

“इंगब्रिग्टही जे काही बोलायचा ते चुकूनच,” बाई म्हणाल्या. “हे हवाईलाही गेलं?”

“गेलं. गुरुवारीच.”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. आणि तेवढ्यात यंत्र पुन्हा खडखडलं. मी वाकून बघितलं. डेलूकाबाईंचं पत्र होतं. ‘मंजुरी मिळाली. या गुरुवारपासून आपल्या यंत्राचं नाव इंगब्रिग्ट-ओप्साल होईल. उशिराबद्दल दिलगीर.’

ते मी मोठ्याने वाचलं. सगळे ओप्सालबाईंकडे बघायला लागले. त्यांनी नकारार्थी मान हलवली, एकदाच.

डीनसाहेब कोपऱ्यातल्या फोनपाशी गेले, सहीबिही न करता त्यांनी स्वतः कॅलिफोर्नियाचा नंबर फिरवला, आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

“नाव?” पलीकडून आवाज आला.

“सुंडक्विस्ट, ट्वेटन. नाव बदलू नका. आहे ते राहू द्या.” मी हवेची चौकशी केली नाही. मार्डेल दुसऱ्या रांगेत ताठ बसली.

“नक्की ना, साहेब?” डेलूकाबाई म्हणाल्या. “मग माझ्या नोंदीत तेवढा अर्थ सांगा. सगळेजण मला विचारतात, आणि माझा तो रकाना मोकळा आहे.”

मी सुरुवात केली. म्हणालो, म्हणजे बघा, तसा त्याला अर्थ असा नाही, नॉर्वेहून आलेला शब्द आहे, सुखातही म्हणतात, दुःखातही म्हणतात... चौदा फोन तिकडे ताटकळत असणार. ओप्सालबाई पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

“लिहून घे, मुली,” त्या म्हणाल्या. “ओझं खाली ठेवल्यावर म्हणतात ते.”

आणि कॅलिफोर्नियात त्यांनी तसंच लिहून घेतलं.